शेपटीचं टोक

मोडलेलं हाड आपलं आपणच जुळतं. डॉक्टर त्याला सरळ बसवतात आणि प्लॅस्टरवाला त्याला गप्प बसवतो, एवढंच. मी एकतीस वर्षं हाडांना गप्प बसवलं. हाडांच्या इस्पितळात तळमजल्यावर, जिन्याच्या मागे वळलं की प्लॅस्टरची खोली. तिथे मी, माझी पाण्याची बादली आणि माझी करवत. सगळे मला प्लॅस्टरमामा म्हणायचे. मेट्रनबाईसुद्धा म्हणायच्या, आणि त्या माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या. एकदा मी म्हटलं, "मेट्रनबाई, या नात्याने तुम्ही माझ्या भाची लागता." तेव्हापासून त्यांचं माझ्या खोलीत चहाला येणं बंद झालं. ते पुन्हा का सुरू झालं ते पुढे येईलच.

पण हाडाला नुसतं गप्प बसवून भागत नाही, कुणीतरी त्याची समजूतही घालावी लागते. ती घालायच्या घुरीवाल्या बाई. हे सगळं त्यांच्याबद्दल आहे.

बाई मखमाळी होत्या. मखमाळी लोक आता गल्लोगल्ली दिसतात, त्यांचं वर्णन कशाला करता, असं आमची सून म्हणते. पण वर्णन केल्याशिवाय माझी गाडी पुढे सरकत नाही. अंगभर मखमलीसारखी आखूड लव, म्हणून ते नाव. उंचीला आपल्या खांद्याएवढे. कान डोक्याच्या वर, आणि ते चेहऱ्याच्या आधी वळतात. डोळ्यातली बाहुली उन्हात उभी रेघ होते, सावलीत वाटोळी. मिशा बाप्यांना तशा बायकांनाही. नखं बोटांत मिटलेली. आणि शेपूट. मांजरासारखे दिसतात हे खरं, पण ते त्यांच्या तोंडावर म्हणू नये. आपल्याला कुणी माकडासारखा दिसतोस म्हटलं तर आपण त्याला जवळ घेऊन बसतो का?

मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो. त्यातलं बहुतेक सगळं विसरलो, पण गुरुजींनी सांगितलेली एक गोष्ट राहिली. मखमाळी माणसाकडे टक लावून बघू नये, त्यांच्यात ती शिवी असते. डोळे सावकाश मिटावेत, सावकाश उघडावेत; म्हणजे 'तुमच्यासमोर डोळे मिटायला मला भीती वाटत नाही.' बाई पहिल्या दिवशी माझ्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या तेव्हा मी तसे डोळे मिटले. उघडून बघतो तर त्यांचे अजून मिटलेलेच.

मग म्हणाल्या, "दादा, या इमारतीत पाय ठेवल्यापासून बावीस जणांनी मला शिव्या दिल्या. न दिलेले तुम्ही पहिले."

झालं, आमची गट्टी जमली.

आता घुरी म्हणजे काय ते सांगतो. या लोकांच्या गळ्याखाली आतल्या बाजूला दोन पातळ पडदे असतात. श्वास घेताना आणि सोडताना ते थरथरतात आणि छातीतून घुर्र असा नाद निघतो. त्याला ते घुर म्हणतात. ती घुर मोडक्या हाडाला लावली की सहा आठवड्यांचं हाड चार आठवड्यांत जुळतं. बाईंच्या नेमणुकीच्या कागदावर 'अस्थिनाद सहाय्यक' असं लिहिलं होतं. ते वाचायला चष्मा लागायचा आणि म्हणायला दम, म्हणून लोकांनी घुरीवाल्या बाई करून टाकलं. रोज आठ रोगी, एकेकाला वीस मिनिटं. प्लॅस्टरवर छाती टेकायची, डोळे मिटायचे, सुरू. एक मांडी मोडलेला ट्रकवाला घुरी घेता घेता घोरायला लागला. उठल्यावर म्हणतो, "लग्नानंतर पहिल्यांदा एवढी गाढ झोप लागली." मागे त्याची बायको डबा घेऊन उभी. त्याचं दुसरं हाड कसं वाचलं देव जाणे. त्यानेच एकदा लाडात येऊन बाईंना "काय वाघाच्या मावशी!" अशी हाक मारली. बाई म्हणाल्या, "भाच्याला घेऊन या, मग ठरवू मावशी की काय ते."

बाईंच्या सवयी म्हणजे एक एक मौज. बंद दार त्यांना सोसायचं नाही. उघडलं की आत यायच्या नाहीत, पण उघडं हवं. खोलीत सकाळी एक उन्हाचा तुकडा यायचा, तो जसा सरकेल तशी यांची खुर्ची सरकायची. आणि खोके! प्लॅस्टरच्या पट्ट्या मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून यायच्या. खोकं रिकामं झालं की बाई त्यात. पाय दुमडून, हनुवटी काठावर ठेवून दुपारची डुलकी. एकदा मोठे डॉक्टर खोलीत आले आणि खोक्याला म्हणाले, "प्लॅस्टरमामा कुठे गेले?" खोक्याने उत्तर दिलं, "चहा सांगायला." डॉक्टर तिथेच बसले.

एकदा त्यांच्यातले एक म्हातारबुवा खुब्याचं हाड मोडून आले. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या छातीतून घुर्र, घुर्र, अख्ख्या खोलीत घुमतंय. मी म्हटलं, "आजोबा मजेत आहेत की!"

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "दादा, ते कळवळतायत."

"अहो, पण घुर..."

"घुर सुखातही येते, दुखण्यातही येते. आवाज एकच. घुर ऐकू नका, शेपटीचं टोक बघा."

मी बघितलं. शेपूट स्ट्रेचरवरून खाली लोंबत होती आणि तिचं टोक घड्याळाच्या काट्यासारखं टिकटिकत होतं. इकडे, तिकडे. इकडे, तिकडे.

"मग तोंडाने सांगत का नाहीत?"

"काय सांगणार? आमच्या बोलीत 'दुखतंय'ला शब्दच नाही. आणि शेपटी सांगतेय ते तोंडाने परत सांगणं म्हणजे समोरच्याला 'तू आंधळा आहेस' म्हणण्यासारखं. कोण म्हणेल?"

मी मनात ठेवलं. म्हणजे ठेवलं असं मला वाटलं.

पुढे काही महिन्यांनी इस्पितळाच्या बोळात एका ढकलगाडीचं चाक बाईंच्या शेपटीवरून गेलं. बाई छतापर्यंत उडाल्या हे मी वाढवून सांगत नाही. तिथल्या दिव्याला नखांचे ओरखडे होते. मेट्रनबाईंनी हुकूम काढला, "शेपूट कोटात घ्या." कोटात घेतली की बसता येईना. तेव्हा मला अक्कल सुचली. प्लॅस्टरखाली आम्ही सुती जाळी चढवतो, लांबलचक मोज्यासारखी असते. मी तिचा हातभर तुकडा कापला, आत कापूस भरला, टोकाला गाठ मारली आणि वर एक लाल बटण शिवलं. शेपटीवर मोजा चढवायचा, शेपूट वर वळवायची, बटण कमरेच्या पट्ट्याला अडकवायचं. चाक गेलं तरी कापसावरून जाईल. अख्ख्या इस्पितळाने वाखाणलं. मेट्रनबाई त्या दिवसापासून पुन्हा माझ्याकडे चहाला यायला लागल्या. बाईंनी मान वळवून आपला मोजा पाहिला, डोळे सावकाश मिटले. मला वाटलं, आवडला.

आता त्यांच्या घरचं सांगतो. नवरा रंगारी होता, कारखान्यांची उंच धुराडी रंगवायचा. दोर न बांधता वर चढायचा आणि जिन्यावरून उतरताना मात्र घाबरायचा. आईबाप नव्हते. एक थोरली बहीण, ताई. तिच्याशी चार वर्षं बोलणं बंद. कारण ही घुरीची नोकरी. ताईचं म्हणणं, घुर घरात द्यायची असते, लोकांच्या नडग्यांना वाटत फिरायची नसते. "वाटून वाटून घरच्याला काय देशील गं?" असं म्हणाली होती. बाई म्हणाल्या होत्या, "हाड कुणाचंही असलं तरी मोडल्यावर सारखंच रडतं." तिथे बोलणं थांबलं ते थांबलंच. ताईला मूलबाळ नव्हतं, हेही त्यात कुठेतरी होतं.

आणि मग बाईंना दिवस गेले. सांगितलं ते खोक्यातूनच. मी पट्ट्या मोजत होतो, तर काठावरून हनुवटी वर आली. "दादा, मोठं खोकं मागवा. आम्ही दोघं होणार."

मखमाळ्यांचं बाळ जन्मतं तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात आणि कानही. त्याला ना उजेड, ना आवाज. कळतं फक्त थरथरणं. आईची छाती घुरायला लागली की ते तोंड उघडतं आणि पितं. छाती गप्प असेल तर समोर दुधाचा हंडा असला तरी उपाशी राहील. बापाची घुर जाड, ती त्याला कळत नाही. परक्या बाईची ते घेत नाही. आईची, नाहीतर आईच्या रक्ताच्या बाईची. अकराव्या दिवशी कान उघडतात आणि त्या क्षणी जी घुर ऐकू येते ती जन्मभर मनात बसते. त्यांच्यात म्हणतात, ज्या छातीवर कान उघडले ती आई. नुसतं म्हणत नाहीत, तसंच असतं. नंतर कुणी कितीही घुरलं तरी त्या पोराला ते नुसतं वाजणं. म्हणून त्यांच्यात बाई शेवटचे दोन महिने घुर खर्च करत नाही. उन्हात बसते, साठवते.

बाईंनीही रजेचा अर्ज लिहिला होता. सोमवारपासून रजा. आणि त्याच्या आधीच्या शुक्रवारी मी पाय मोडून घेतला.

कसा मोडला ते विचारू नका, म्हणजे विचाराच. वरच्या फळीवरची पेटी काढायला स्टुलावर चढलो. स्टूल डगमगलं. खाली खोक्यात बाई झोपलेल्या. त्यांच्यावर पडू नये म्हणून हवेतल्या हवेत वळलो आणि बादलीवर पडलो. नडगी दोन ठिकाणी. माझ्या पायाला प्लॅस्टर शिकाऊ पोरीने घातलं आणि तेही वाकडं. मोठे डॉक्टर म्हणाले, "या वयात? चार महिने. कदाचित काठी कायमची."

बाई माझ्या खाटेशी आल्या. "मी रजा पुढे ढकलते. पाच आठवड्यांत उभे राहाल."

"अहो पण बाळ..."

"माझ्यावर पडला असतात तर बाळ कुठलं?"

मी आणखी एकदा नाही म्हणायला हवं होतं. मला माहीत होतं सगळं, खोक्यातूनच ऐकलं होतं. पण काठी कायमची म्हटल्यावर माणूस भित्रा होतो. मी म्हटलं, "बघा बाई, तुमची मर्जी." मर्जी त्यांच्यावर ढकलली आणि पाय पुढे केला.

सकाळी चाळीस मिनिटं, संध्याकाळी चाळीस, वर बाकीचे आठ रोगी. पहिले दोन आठवडे सुरळीत गेले. तिसऱ्या आठवड्यापासून बाईंची घुर थांबेचना. रोग्याजवळ नसल्या तरी सुरू. बोळातून चालल्या की भिंती गुणगुणायच्या. वरच्या मजल्यावर पाण्याचे पेले किणकिणायचे. मेट्रनबाई म्हणाल्या, "बाळाच्या आनंदात आहेत." सगळे म्हणाले. मीही म्हणालो. रोज सकाळी विचारायचो, "काय बाई, आज खुशीत?" त्या डोळे सावकाश मिटायच्या. मागे लाल बटण पट्ट्याला नीट लावलेलं.

तेहतिसाव्या दिवशी सकाळी त्या माझ्या नडगीवर छाती टेकून होत्या. घुर्र चालली होती आणि मधेच पंख्याचं बटण कुणी बंद करावं तशी ती हळू होत होत थांबली. बाईंनी छाती आणखी दाबली.

"दादा, पाय जरा इकडे घ्या."

घेतला. काही नाही. त्यांनी श्वास घेतला, सोडला. नुसता श्वास. आपण घेतो तसा.

मग त्या खुर्चीत बसल्या, हात मागे नेला, बटण सोडलं आणि मोजा ओढून काढला. शेपटीच्या टोकावरची सगळी लव झिजून गेली होती. बोटभर लालसर कातडी. तीन आठवडे ते टोक आत कापसावर टिकटिक टिकटिक घासत होतं. मी त्याच्यावर कापूस भरला होता, गाठ मारली होती आणि रोज विचारत होतो, खुशीत ना?

"बाई, बोलायचं तरी!"

त्या गोंधळून माझ्याकडे बघत होत्या. "मी रोज सांगत होते, दादा. मोजा तुम्हीच शिवलेला. मला वाटलं, तुम्हाला बाहेरून कळत असेल."



मोठ्या डॉक्टरांनी गळ्यात दिवा घालून पाहिलं. पडदे सुजलेले. येईल घुर परत, पण कधी ते सांगता येणार नाही. दोन आठवडे, दोन महिने. बाळ दोन आठवड्यांवर आलं होतं. बाई खिडकीत उन्हात बसायच्या, गरम पाणी घ्यायच्या. रंगारी रोज संध्याकाळी यायचा आणि त्यांच्या छातीला कान लावायचा. मग उठून पेले धुवायला लागायचा.

बाळ ठरल्या वेळी आलं. मुलगी. पहिल्या मजल्यावर कोपऱ्यातली खोली दिली होती. मूठभर पोर, राखी लव, डोळे कान मिटलेले. बाईंनी छातीशी धरलं. पोर नाक घासत राहिली, तोंड उघडेना. बाईंनी दुधाचं बोट तिच्या ओठाला लावलं. ते ओघळून गेलं. मी कुबड्या घेऊन व्यायामाच्या खोलीत गेलो आणि तिथलं स्नायूंना थरथर देणारं यंत्र उचलून आणलं. बाईंच्या ओढणीत गुंडाळलं, छाती आणि बाळ यांच्यामध्ये ठेवलं, सुरू केलं. पोरीने तोंड फिरवलं. मिटल्या डोळ्यांनीही कसं फिरवलं बघा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिचं रडणं सुद्धा बारीक झालं.

रंगारी भिंतीकडे बघून म्हणाला, "ताईला बोलावू या."

बाई म्हणाल्या, "मला माहितीये बोलावलं की काय होतं ते."

"मलाही माहितीये."

पोरीने एकदा जांभई दिली, तेवढंच. बाई माझ्याकडे वळल्या. "दादा, तुम्ही जाल? हे गेले तर ती भांडत बसेल. तुम्ही लंगडे आहात, तुमच्याशी भांडणार नाही."

ताई नळांच्या कारखान्यात होती. मखमाळ्यांच्या मिशा म्हणजे मापाची पट्टी. केसभर फरक कळतो. टेबलावर पितळी नळांचा ढीग, ती एक एक उचलायची, तोंड मिशीला लावायची आणि डावीकडे किंवा उजवीकडे टाकायची. वर न बघता म्हणाली, "कोण?"

"इस्पितळातला प्लॅस्टरमामा."

"म्हणजे ती नडगी तुमचीच."

मी मान खाली घातली. तिने आणखी एक नळ तपासला, डावीकडे टाकला. "बाळ?"

"मुलगी. दोन दिवस झाले. पीत नाही."

"घुर गेली?"

"गेली."

"मी सांगितलं होतं तिला."

"हो."

"तेवढं मी येऊन तिच्या तोंडावर सांगणार आहे." ती उठली, हात पुसले, शाल घेतली. आम्ही निघालो आणि थोड्या वेळाने गाडी घुमायला लागली. गाडीवाला म्हणाला, "इंजिनचा आवाज बदलला का हो?" मी ताईच्या शेपटीकडे पाहिलं. टोक टिकटिकत होतं.

खोलीत आल्यावर तिने काहीही सुनावलं नाही. बहिणीकडे बघून डोळे मिटले, उघडले. तिच्याशेजारी खाटेवर बसली. शेपटीचं उघडं टोक पाहिलं, हातात घेतलं, त्यावर फुंकर घातली. "वेडी," म्हणाली. बस्स, चार वर्षांचं भांडण एवढ्यात संपलं.

मग बाई म्हणाल्या, "ताई, एकच विचारते. या अकरा दिवसांत माझी परत आली तर?"

"तर तू लांब राहायचं. तुला माहितीये. दोन घुरी कळल्या तर पोर दोन्ही सोडते." ताईने शाल सावरली. "आत्ता बोल. मी निघून जाते. मी काही न्यायला आलेली नाही."

त्यांच्यात असं आहे की मूल दुसरीने उचलून घ्यायचं नसतं. आईने आपल्या हाताने ठेवायचं आणि एक शब्द बोलायचा. बाईंनी पोरीच्या डोक्यावर आपला गाल घासला. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. मग तिला उचलून बहिणीच्या छातीवर ठेवलं.

"तुझी."

ताई घुरत होतीच. पोर क्षणभर तशीच राहिली आणि मग तिने तोंड उघडलं. ताईला दूध नव्हतं. ते बाईंचंच, चमच्याने तिच्या छातीवरून ओघळवलं, आणि पोर ते चुटूचुटू प्यायला लागली. आईचं दूध, मावशीची घुर. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "माय मरो, मावशी जगो म्हणतात. पण ती म्हण करणाऱ्याने माय जगली तर काय, ते कुठे सांगितलंय?"

बाईंनी ती खोली सोडली. दूध काढून वर पाठवायच्या आणि दिवसभर माझ्या प्लॅस्टरच्या खोलीत बसायच्या. मी मोठं खोकं मागवलेलं होतं, त्या आत बसल्या तरी ते अर्धं रिकामं राहायचं.

बाळाच्या नवव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मी कात्रीला तेल देत होतो. खोक्यातून आवाज आला. घुर्र.

मी उठलो, कुबडी पडली. "बाई! आली! जा, जा वर!"

बाई उभ्या राहिल्या. दारापर्यंत गेल्या. दार उघडंच होतं. तिथे थांबल्या. घुर वाढत होती, बादलीतलं पाणी थरथरायला लागलं होतं. मला आठवलं, यांच्या घुरीने वरच्या मजल्यावर पेले वाजायचे. त्यांनाही तेच आठवलं असावं. दोन्ही हातांनी त्यांनी छाती दाबून धरली. थांबेना ती. आपली इच्छा असली म्हणून थांबणारी गोष्ट नाही.

"अजून दोन दिवस आहेत, दादा," त्या म्हणाल्या. "तिच्यापर्यंत जाता कामा नये. काहीतरी करा."

"बाई, अजून वेळ आहे. ताईंना सांगू, त्या ऐकतील..."

"ताई ऐकेल. पोर ऐकणार नाही. ती ताईच्या छातीवर सात दिवस झोपलीये. आता बदलली तर मरेल. बांधा."

मी आधी कापूस गुंडाळला, चांगला जाड. मग पट्ट्या भिजवल्या. श्वासाला जागा सोडून, काखेतून, पाठीवरून, पुन्हा छातीवरून. पट्टी सरळ बसली. आयुष्यातलं सगळ्यात नीट प्लॅस्टर असेल ते. जसजसं सुकत गेलं तसतसा आवाज आत आत गेला आणि शेवटी बादलीतलं पाणी शांत झालं. एकतीस वर्षं मी हाडांना गप्प बसवलं. एवढी एकच वेळ, की जे मोडलं नव्हतं, नुकतंच जुळलं होतं, ते गप्प बसवलं.

शेपूट मोकळी होती. दोन दिवस मी तिच्याकडे बघत होतो. एकदाही नजर काढली नाही.

अकराव्या दिवशी दुपारी रंगारी जिना उतरून आला, सगळ्या पायऱ्या कठडा धरून, आणि म्हणाला, "उघडले." मी करवत घेतली आणि प्लॅस्टर कापलं. बाईंनी कपडे सारखे केले आणि पहिल्या मजल्यावर गेल्या, मावशी म्हणून.

बाईंनी नोकरी सोडली नाही. दिवसाला तीनच रोगी घ्यायच्या, मोजा न घालता. मेट्रनबाईंनी बोळात पाटी लावली, 'शेपूट सांभाळा.' ट्रकवाला नंतर एकदा गुडघा घेऊन आला तेव्हा त्याला मी दारातच सांगितलं, ती वाघाची हाक आता मारायची नाही. त्याने का म्हणून विचारलं नाही. माणूस चांगला होता.

मी सेवानिवृत्त व्हायच्या वर्षी ती पोर माझ्याकडे आली. सहा वर्षांची, राखी, मिशा वाकड्या, झाडावरून पडून मनगट मोडलेलं. मखमाळ्याचं पोर झाडावरून पडतं का? हे पडलं. बरोबर ताई. मी प्लॅस्टर घातलं. पोर सगळा वेळ घुरत होती आणि शेपटी खुर्चीखाली टिकटिकत होती. मी म्हटलं, "दुखतंय गं बाळ, मला दिसतंय." तिने माझ्याकडे बघून डोळे मिटले.

मग बाई आल्या. ताई म्हणाली, "मी बाहेर थांबते," आणि दार उघडं ठेवून बाहेर बाकावर जाऊन बसली. बाईंनी प्लॅस्टरवर छाती टेकली, डोळे मिटले. घुर्र सुरू झाली. उन्हाचा तुकडा दोघींवर होता.

पोरीने थोडा वेळ ऐकलं. म्हणाली, "मावशी, तुझी छान आहे. पण आईची कशी, झोप येते तशी असते."

"हो का गं?"

"हो. तुझ्यानं हाड बरं होईल पण."

"होईल की."

पोरीने मान वाकडी करून खुर्चीच्या मागे बघितलं. दुसरा, धड हात लांब केला आणि काहीतरी पकडलं.

"मावशी, तुझं टोक हलतंय."

बाईंनी डोळे उघडले नाहीत. "माशी बसली असेल."

पोरीने खोलीभर माशी शोधली. मग ती मुठीत धरलेलं ते टोक हलू नये म्हणून घट्ट धरून राहिली, वीस मिनिटं पुरी होईपर्यंत. मी बादलीतलं पांढरं पाणी ओतायला म्हणून बाहेर गेलो. बाकावर ताई बसली होती. तिने विचारलं, "झालं का?" मी म्हटलं, "होतंय," आणि तिच्याजवळ बसलो.